कळ 'न'ची दाबली, उमटला 'ह' : कीबोर्ड चुकीची अक्षरं का लिहितो?

(चामोर्शी इथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून एकानं मला दारातच गाठलं. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. कीबोर्डाचं काय सांगणार जी?" प्रश्न रास्त आहे. मी संगणकाचा माणूस नाही. आयुष्यभर तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवली, निवृत्त झालो, आणि उतारवयात लॅपटॉप शिकलो. पण गेल्या पावसाळ्यात याच कीबोर्डानं मला आठ दिवस असं घाबरवलं की शिकवलेलं सगळं तर्कशास्त्र मी विसरून गेलो होतो. ते आठ दिवस आधी सांगतो, मग कीबोर्डाकडे वळू.

माझं वय आता ७४. मराठी टंकलेखन मी तरुणपणी शिकलो, खडखडणाऱ्या यंत्रावर. तीस शब्दांची परीक्षा दिली होती. बोटांना ती सवय अशी लागली की आजही मी अक्षर शोधत नाही, बोट आपोआप जातं. म्हणून लॅपटॉप घेतला तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यात टंकलेखन यंत्रासारखीच मांडणी घालून दिली. तिला रेमिंग्टन म्हणतात. दहा वर्षं काही अडचण आली नाही.

जुलैतली एक रात्र. माझा एक जुना सहकारी वारला होता. त्याच्या मुलाला मी ईमेल लिहायला बसलो. पहिला शब्द लिहिला 'नमस्कार', आणि पडद्यावर पाहिलं तर 'हाथ्कर'. खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा 'हाथ्कर'. मग 'भारत' लिहून पाहिलं, तर 'फककरी'. 'राम' लिहिलं, तर 'रका'.

तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय? कीबोर्ड बिघडला असेल. तरुण माणूस तसंच म्हणतो. पण माझ्या थोरल्या बहिणीला शेवटच्या वर्षांत विस्मरण झालं होतं. तिला तांब्या हवा असायचा आणि ती म्हणायची, "ती खिडकी दे." शब्द खणखणीत, पण भलताच. तो 'हाथ्कर' पाहिला आणि मला बहीण आठवली. नुसता कचरा उमटला असता तर मी यंत्राला दोष दिला असता. पण ही मराठी अक्षरं होती. एखाद्याचं आडनाव असावं तसा शब्द होता. 'राम'मधला र तर जागच्या जागी होता. मला वाटलं, बोटं नाही, डोकंच घसरलं.

लॅपटॉप मिटला. कुणाला सांगितलं नाही. घरात सौ.ला सांगितलं, डोळे दुखतात. रात्री अंथरुणात मनातल्या मनात पाढे म्हणून बघायचो. आठ दिवस असेच गेले.

नवव्या दिवशी तो विद्यार्थी सहज घरी आला. ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे त्याचं. त्याला कसंबसं सांगितलं. तो हसला नाही, हे विशेष. म्हणाला, "सर, राम लिहा. पण पडद्याकडे पाहू नका." मी लिहिलं. त्यानं माझी बोटं पाहिली आणि कागदावर टिपलं : जे, के, ई. मग त्यानं दोन कळा एकदम दाबल्या आणि म्हणाला, "आता पुन्हा तेच करा." मी पुन्हा जे, के, ई. पडद्यावर 'राम'. तो म्हणाला, "हात बरोबर आहेत जी सर. मशीनची मांडणी बदलली होती."

हात तेच, कळा त्याच, क्रम तोच. बदललं फक्त एक, आणि निकाल बदलला. यालाच आपल्या नैयायिकांनी अन्वय-व्यतिरेक म्हटलं आहे. कारण असेल तिथे कार्य असतं, हा अन्वय. कारण नसेल तिथे कार्य नसतं, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल यानं १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जवळपास हीच पद्धत मांडली. मी ती तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. स्वतःवर वेळ आली तेव्हा दुकानदार विद्यार्थ्यानं ती वापरली आणि मी पाढे म्हणत बसलो.

कळ अक्षर पाठवत नाही

आता यंत्राकडे येऊ. आपली समजूत अशी असते की कळेवर जे छापलंय ते कळ पाठवते. 'के' लिहिलेली कळ दाबली की 'के' जातं. तसं होत नाही. कळ फक्त आपली जागा सांगते. कीबोर्डाच्या आत तारांची जाळी असते, काही आडव्या, काही उभ्या. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेघ जोडली जाते. आतली चिप ही जाळी सतत तपासत असते. कोणती रेघ कोणत्या रेघेला जुळली त्यावरून ती एक क्रमांक संगणकाला देते. यूएसबी कीबोर्डात 'के'च्या कळीचा क्रमांक १४ आहे. संगणकाकडे जातो तो १४. तो 'के' नसतो आणि 'क'ही नसतो.

त्या १४ चं काय करायचं हे संगणकातली मांडणी ठरवते. इंग्रजी मांडणी म्हणते, १४ म्हणजे के. रेमिंग्टन म्हणते, १४ म्हणजे काना. इनस्क्रिप्ट म्हणते, १४ म्हणजे क. तिघीही आपापल्या जागी बरोबर आहेत. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या कीबोर्डावर आपल्याकडे जिथे 'क्यू' असतो तिथे 'ए' छापलेला असतो. ती कळ क्रमांक मात्र 'क्यू'च्या जागेचाच पाठवते. छापलेलं अक्षर म्हणजे दारावरची पाटी. आत कोण राहतं ते पाटी ठरवत नाही.

आपल्याकडे एक जुना वाद आहे. शब्द आणि अर्थ यांचं नातं मीमांसक नित्य मानतात. नैयायिक म्हणतात, नाही, तो संकेत आहे, म्हणजे ठरवलेली गोष्ट आहे. कीबोर्डाच्या बाबतीत मी नकळत मीमांसक झालो होतो. के म्हणजे काना, हे मला सूर्य उगवण्याइतकं पक्कं वाटत होतं. तो नुसता संकेत होता आणि एका रात्री दुसरा संकेत लागू झाला.

मग दोन मांडण्या आल्या कुठून? टंकलेखन यंत्र आकार छापतं. त्याला उच्चाराशी देणंघेणं नाही. म्हणून त्यात अर्धा स वेगळा, काना वेगळा. आणि 'कि' लिहायचं तर वेलांटी आधी, कारण ती कागदावर डावीकडे येते. संगणक आल्यावर सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एक मांडणी असावी म्हणून १९८० च्या दशकात इनस्क्रिप्ट तयार झाली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात ती आली. ती उच्चारानं चालते. आधी क, मग वेलांटी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के दाबा, क. शिफ्ट धरून के दाबा, ख. गंमत अशी की त्याच कळीवर बंगालीचा क आणि तेलुगूचाही क. आपल्या तालुक्यात बंगाली कुटुंबांची गावं आहेत, खाली सिरोंच्याकडे तेलुगू आहे. तिन्ही घरांतली मुलं इनस्क्रिप्ट शिकली तर क लिहायला तिघांचं बोट एकाच कळेवर जाईल.

माझ्या लॅपटॉपात या दोन्ही मांडण्या होत्या. विंडोजमध्ये खिडकीचं चित्र असलेली कळ आणि स्पेसबार एकदम दाबला की मांडणी बदलते. डावीकडची ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबली तरी भाषा बदलू शकते. माझा हात चुकून कुठेतरी पडला असणार. एवढंच झालं होतं.

चूक कुठल्या मुक्कामावर झाली?

कळीपासून पडद्यापर्यंत अक्षराचे चार मुक्काम धरा : कळ, मांडणी, मदतनीस आणि फॉन्ट. चुकीचं अक्षर दिसलं की यातला कुठला मुक्काम चुकला ते शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार बटणं एकदम दाबून दुरुस्त झालं तर कशानं झालं ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं की तुम्ही पुन्हा तिथेच.

पहिला मुक्काम, कळ. चहा सांडला, धूळ गेली, पावसाळ्यात दमट झालं की बिघाड इथे होतो. याची खूण अशी : ठरावीक कळाच चुकतात. कधी एक दाबली की दोन अक्षरं येतात, कधी येतच नाहीत. जाळीतली एखादी रेघ तुटली तर त्या रेघेवरच्या बऱ्याच कळा एकदम जातात. मांडणी कोणतीही लावा, त्याच कळा चुकतात. ताळा सोपा आहे. शेजारच्याचा यूएसबी कीबोर्ड जोडून बघा. त्यावर बरोबर आलं तर दोष तुमच्या कळांत. दुसरा कीबोर्ड नसेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ या तीन कळा एकदम दाबा. पडद्यावर चित्रातला कीबोर्ड येईल. माऊसनं त्यावर टिचकी मारा. माऊसनं मारूनही चुकीचंच अक्षर आलं तर खरी कळ निर्दोष आहे. ती तुम्ही दाबलीच नाही ना! शिवाय कोणती मांडणी चालू आहे तेही त्या चित्रात दिसतं.

याच मुक्कामाजवळ एक फसवा प्रकार आहे, नम लॉक. जुन्या छोट्या लॅपटॉपवर आकड्यांच्या वेगळ्या कळा नसतात, म्हणून उजव्या हाताच्या अक्षरांतच आकडे दडवलेले असतात. नम लॉक चालू राहिलं की 'एम'चा ० होतो, 'जे, के, एल'चे १, २, ३ होतात, 'यू, आय, ओ'चे ४, ५, ६ होतात. गडचिरोली इंग्रजीत लिहायला जाल तर 'जी, ए, डी, सी, एच' नीट येईल, मग ५, मग आर, आणि पुढे ६, ३, ५. डाव्या हाताची अक्षरं शहाणी आणि उजव्या हाताची वेडी, असं दिसलं की नम लॉक बंद करा. कीबोर्ड फेकू नका.

दुसरा मुक्काम, मांडणी. माझा प्रकार हाच होता. खूण अशी : चूक नियमानं होते. तीच कळ दर वेळी तेच चुकीचं अक्षर देते. पडद्याच्या खाली घड्याळाजवळ भाषेची खूण असते, ती आधी पाहा. इंग्रजीतही हे होतं. इंग्लंडची मांडणी लागली तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर ईमेलमधलं ॲटचं चिन्ह येत नाही, दुहेरी अवतरण येतं. निवृत्तिवेतनवाल्यांनी हे लक्षात ठेवा. पासवर्ड लिहिताना पडद्यावर ठिपके दिसतात, म्हणून चुकीचं चिन्ह पडलेलं कळतच नाही. पासवर्ड पाठ असतो, हात बरोबर असतो, आणि तीनदा चुकला म्हणून खातं बंद. पासवर्डाआधी नावाच्या चौकटीत ते चिन्ह एकदा उमटवून बघायचं आणि खोडायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

तिसरा मुक्काम, मदतनीस. इंग्रजी अक्षरात लिहिलं की मराठी करून देणारे प्रोग्राम, आणि आपण लिहिलेलं 'सुधारून' देणारे. हे अंदाज बांधतात. इथली खूण उलटी आहे. अक्षर आधी बरोबर उमटतं आणि स्पेस दिल्यावर शब्द बदलतो. आपल्याकडच्या गोंडी, माडिया नावांचं, गावांच्या नावांचं यात फार नुकसान होतं, कारण मदतनीसाच्या यादीत ती नसतात. तो तुमचं नाव जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे ओढतो. अर्जावर नाव एक आणि आधारवर दुसरं झालं की पुढच्या खेपा कुणाला घालाव्या लागतात, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. नाव लिहून झाल्यावर स्पेस द्या, आणि पुन्हा वाचा.

चौथा मुक्काम, फॉन्ट. इथपर्यंत सगळं बरोबर येतं, पण चेहरा चुकीचा दिसतो. आजच्या युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. 'क'चा २३२५. फॉन्ट कुठलाही लावा, तो कच राहतो. पण कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत तसं नव्हतं. तिथे साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याला मराठी चेहरा द्यायचा. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. 'भारत' लिहिलेल्या जागी मोठा एच, के, के, जे, आर दिसतं. ॲ हे अक्षर युनिकोडात २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ते नाही, म्हणून जुन्या संगणकावर त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. चौकट दिसली म्हणून अक्षर चुकलं असं नाही. त्या संगणकाला ते अक्षर काढता येत नाही, एवढाच तिचा अर्थ.

यंत्र बरोबर, आपण चूक

एक प्रकार राहिला. चारही मुक्काम ठीक असतात आणि चूक आपलीच असते. 'कुऱ्हाड' लिहा. बरेच जण साधा र आणि ह जोडतात आणि रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. मग म्हणतात, कीबोर्ड चुकतोय. इनस्क्रिप्टमध्ये या अर्ध्या र साठी शिफ्ट धरून जे दाबायचं, मग डी म्हणजे हलन्त, मग यू म्हणजे ह. हा बारीकसारीक भेद नाही. 'आचार्यांना जेवायला बसवा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बसवा' यांत फरक आहे. पहिल्यात गुरुजी जेवतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. यंत्राला दोन्ही सारखेच मान्य आहेत.

म्हणजे दोष यंत्रातच असतो असं मी म्हणत नाही. दोष कुठे आहे ते तपासून ठरवा, भीतीनं ठरवू नका, एवढंच म्हणतो. माझी भीतीही तपासण्यासारखीच होती. कोरा कागद घ्यायचा, पेननं 'नमस्कार' लिहायचं. हातानं नीट लिहिता आलं आणि कीबोर्डावर चुकलं, तर आधी यंत्र तपासा. कागदावरही अक्षरं, शब्द बदलू लागले, बोलताना शब्द भलते येऊ लागले, तर डॉक्टरकडे जा, आणि लगेच जा. तिथेही आठ दिवस घालवू नका. माझ्या टेबलावर कागद होता, पेन होतं. अर्ध्या मिनिटाचं काम मी केलं नाही, कारण उत्तराची भीती होती. दोरीला साप समजलेल्या माणसाला आपण दिवा लाव म्हणतो. तो लावत नाही, कारण सापच दिसला तर काय, ही भीती असते.

प्रश्नोत्तरांतून

एका तरुण कार्यकर्त्यानं विचारलं : "आमच्या ग्रामसभेचे जुने ठराव पेनड्राइव्हवर आहेत. उघडले की सगळी इंग्रजी अक्षरं दिसतात. फाईल खराब झाली का?"

बहुधा नाही. चौथा मुक्काम आठवा. ज्या फॉन्टात टाइप केलं तो फॉन्ट त्या संगणकावर नसावा. मूळ फाईलची प्रत काढा, मूळ तशीच ठेवा, तिच्यात काही बदलून साठवू नका. प्रतीवर जुना फॉन्ट लावून बघा. मराठी दिसली तर ठराव शाबूत आहे. मग युनिकोडात रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, ते वापरा. पण रूपांतरानंतर एकानं जुनं वाचायचं आणि दुसऱ्यानं नवं तपासायचं. रफार, जोडाक्षरं आणि माणसांची नावं तर हमखास. वनहक्काच्या कागदात एक नाव चुकलं तर तो टायपिंगचा दोष म्हणून कुणी माफ करत नाही.

एका मुलीनं विचारलं : "सर, मग शिकायची कोणती? रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट?"

तू नव्यानं शिकत असशील तर इनस्क्रिप्ट. बहुतेक संगणकांत ती आधीपासून असते. कुणाच्याही मशीनवर बसलीस तरी अडणार नाहीस. माझी बोटं आता बदलायची नाहीत. मी दुसरी मांडणी यादीतून काढून टाकली, म्हणजे हात चुकून पडला तरी बदलायला काही उरलं नाही. घरात दोघं वेगवेगळ्या मांडणीवर लिहीत असाल तर मात्र दोन्ही ठेवा, आणि लिहायला बसताना भाषेची खूण बघायची सवय लावा.

शेवटी मागच्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं : "सर, हे सगळं मॅडमना सांगितलं का?"

सांगितलं. विद्यार्थी गेला त्याच संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, "आठ दिवस तुम्ही धड बोलत नव्हता. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

त्या सहकाऱ्याच्या मुलाला निरोप नवव्या दिवशी गेला. उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली. कारण मात्र लिहिलं नाही. ते आज तुम्हाला सांगितलं.